येशूच्या प्याल्यात वाइन होती की द्राक्षाचा रस?

प्रश्न : आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला द्राक्षाचा रस देतात. संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की येशूनेही शिष्यांना न आंबलेला रसच दिला, कारण वल्हांडणाच्या आठवड्यात यहुदी लोक घरात खमीर ठेवतच नाहीत. आमची सून वसईची, कॅथलिक. ती म्हणते, मुळात वाइनच होती आणि त्यांच्याकडे मिस्साला फादर आजही वाइनच वापरतात. दर गुड फ्रायडेला घरात यावरून वाद होतो. खरं काय? आणि वाइनच असेल, तर आमचं प्रभुभोजन कमी प्रतीचं ठरतं का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : इतिहासापुरतं आपल्या सुनेचं बरोबर आहे. शेवटच्या रात्री येशूने शिष्यांपुढे धरलेल्या प्याल्यात वाइन होती, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे बहुधा पाणी घालून सौम्य केलेली. पण म्हणून आपलं प्रभुभोजन कमी प्रतीचं ठरत नाही. तेव्हा काय होतं, हा एक प्रश्न आणि आज काय चालावं, हा दुसरा. गेली दोनशे वर्षं पुष्कळ भल्या माणसांनी या दोन प्रश्नांची गल्लत केली, म्हणून वाद मिटत नाही. आपण ते एकेक करून पाहू. सोयीसाठी इथे आंबलेल्याला वाइन म्हणतो आणि न आंबलेल्याला रस.

आधी हंगाम पाहा

नाशिक-सांगलीची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात, म्हणून ईस्टरच्या सुमारास ताजी द्राक्षं हाताशी असणं आपल्याला साहजिक वाटतं. जेरुसलेमचं तसं नाही. तिथे द्राक्षांची तोडणी उन्हाळ्याच्या अखेरीला, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. वल्हांडण येतो निसान महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. त्या दिवसांत वेलींना नुकती पालवी फुटलेली असते. शेवटचं भोजन नेमकं वल्हांडणाच्या रात्री झालं असं मत्तय, मार्क आणि लूक सांगतात. योहानाच्या शुभवर्तमानावरून ते आदल्या संध्याकाळी झालं असं दिसतं. पण दिवस कुठलाही धरला, तरी महिना बदलत नाही. टेबलावरचं पेय सहा महिन्यांपूर्वी पिळलेल्या द्राक्षांचं होतं.

सहा महिन्यांत रसाचं काय होतं, हे घरीही कळतं. मार्चच्या उन्हाळ्यात एक घोस न धुता स्टीलच्या पातेल्यात कुस्करावा आणि वर फडकं बांधून ओट्यावर ठेवून द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडेने बारीक बुडबुडे येतात, साली वर तरंगून त्यांची साय धरते, गोड वासात एक उग्र झाक येते. विरजण कुणी घातलेलं नसतं. द्राक्षाच्या सालीवर आणि भांड्याकुंड्यांवर यीस्ट असतंच. साल फुटली की ते रसातल्या साखरेवर कामाला लागतं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये खडकात कोरलेल्या कुंडात द्राक्षं पायांनी तुडवत, आणि रस खालच्या हौदात उतरे. त्या हौदात वर्षानुवर्षांचं यीस्ट मुरलेलं असे. रस रांजणात भरण्याआधीच तो उसळायला लागलेला असायचा. वाइन करण्यासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं. खटपट करावी लागे ती वाइन होऊ न देण्यासाठी.

रस टिकवता येत नव्हता का?

येत होता, आणि आपल्या संडे स्कूलच्या शिक्षकांच्या बाजूने हे सांगितलंच पाहिजे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या केटो या रोमन लेखकाने शेतीवरच्या ग्रंथात उपाय दिला आहे : ताजा रस मडक्यात भरा, बूच डांबराने बंद करा, मडकं 30 दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा, मग रस वर्षभर गोड राहतो. इ.स.च्या पहिल्या शतकात प्लिनीनेही रस थंड पाण्यात ठेवून आंबणं थोपवण्याची रीत नोंदवली आहे. रस आटवून त्याचा काकवीसारखा दाट पाक करण्याची पद्धत तर रोमन स्वयंपाकघरात रोजचीच होती.

म्हणजे न आंबलेला रस त्या काळात अशक्य होता, असं नाही. पण तो खास मेहनतीने राखलेला पदार्थ होता, आणि येशूच्या त्या रात्रीच्या टेबलावर असं काही खास मांडलं होतं, असं शुभवर्तमानांत कुठेही सुचवलेलं नाही. सणाला घरोघरी जे पीत तेच तिथे होतं.

खमिराचा मुद्दा

हा मुद्दा ऐकायला पक्का वाटतो. भाकरी फुगवणारं यीस्ट आणि रस आंबवणारं यीस्ट एकाच कुळातलं, मग एक निषिद्ध आणि दुसरं चालतं, हे कसं? पण यहुदी नियम यीस्टच्या जातीवर बेतलेला नाही, तो धान्यावर बेतलेला आहे. गहू, जव आणि त्यांच्या जातीची मिळून पाच धान्यं रब्बींनी मोजली. त्यांचं पीठ पाण्यात भिजून आंबलं, तर ते वल्हांडणात वर्ज्य. द्राक्षं त्या यादीत नाहीत.

उलट त्याच रात्रीसाठी वाइन सांगितलेली आहे. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमग्रंथामध्ये वल्हांडणाच्या रात्रीचे नियम आहेत. इस्राएलातल्या गरिबातल्या गरिबालाही त्या रात्री चार प्याल्यांपेक्षा कमी मिळू नयेत, मग ते धर्मादायातून द्यावे लागले तरी चालतील, असं तिथे म्हटलं आहे. बेखमीर भाकरी आणि वाइनचे चार प्याले एकाच ताटासमोर ठेवणाऱ्या लोकांना त्यात विसंगती दिसली नाही, कारण त्यांच्या नियमात ती नव्हतीच.

शास्त्रात काय आहे?

रसाची बाजू मांडणारे आणखी एक गोष्ट दाखवतात, आणि ती खरी आहे. शेवटच्या भोजनाच्या वर्णनात 'वाइन' हा शब्द येत नाही. 'प्याला' येतो आणि 'द्राक्षवेलीचं फळ' अशा अर्थाचे शब्द येतात. पण यहुदी घरात प्याल्यावर म्हणायचा जो आशीर्वाद आहे, त्यात देवाला वेलीच्या फळाचा निर्माता म्हटलेलं आहे. झाडाच्या फळांना एक आशीर्वाद आणि वाइनला हा वेगळा, असं मिश्ना स्पष्ट सांगते. जेवणाला बसलेल्या यहुदी माणसाच्या तोंडी ते शब्द वाइनचेच होते.

बाकी नव्या कराराचं चित्रही तसंच आहे. बाप्तिस्मा करणारा योहान वाइनला शिवत नव्हता, येशू खातपीत आला आणि लोकांनी त्याला खादाड आणि दारुडा म्हणून हिणवलं. ती टीका अन्यायाची होती, पण केवळ रस पिणाऱ्यावर ती कुणी केली नसती. पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, तेव्हा बघ्यांनी त्यांना गोड नव्या वाइनने भरलेले म्हटलं. 'नवी' म्हटलेली वाइनही चढते, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं. आणि पेन्टेकॉस्ट मे-जूनमध्ये येतो, म्हणजे नवी तोडणी अजून व्हायचीच असते.

सर्वांत थेट पुरावा पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. हे पत्र साधारण इ.स. 55च्या आसपासचं, म्हणजे शेवटच्या भोजनानंतर जेमतेम पंचवीस वर्षांचं. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला जमल्यावर श्रीमंत आधी खाऊन घेत, गरीब उपाशी राहत, आणि कुणी तर पिऊन झिंगलेला असे. पौल त्यांना खडसावतो. पण काय सांगतो? एकमेकांसाठी थांबा, भूक असेल तर घरी खाऊन या, स्वतःला तपासून मग प्याल्याला हात लावा. प्याल्यातलं पेय बदला, असं तो म्हणत नाही. त्याला खुपलं ते गरिबाचा अपमान करणं.

पहिल्या शतकांतले ख्रिस्ती

पुढचा पुरावाही एकाच दिशेला जातो. इ.स. 155च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो : भाकरी, वाइन आणि पाणी पुढे आणलं जातं, आशीर्वाद होतो, सगळ्यांना वाटलं जातं आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोचवलं जातं. पाणी मिसळणं त्या जगात सर्वसाधारण होतं. ताल्मुद या यहुदी धर्मग्रंथातल्या एका मतानुसार एक भाग वाइनला तीन भाग पाणी हवं. बारा टक्क्यांची वाइन धरली, तर प्याल्यात अल्कोहोल उरतं तीन टक्के. आजच्या टेबलावरच्या वाइनपेक्षा ते पेय पुष्कळच सौम्य होतं.

त्या शतकांत वाद झाला, पण वेगळा. काही विरक्त पंथ प्याल्यात नुसतं पाणी वापरत. इ.स. 253च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन याने याविरुद्ध एक मोठं पत्र लिहिलं. त्यात एक बारकावा फार बोलका आहे. काही लोक पहाटेच्या उपासनेत वाइन टाळतात, कारण तोंडाला वास आला तर आपण ख्रिस्ती आहोत हे छळ करणाऱ्यांना कळेल, अशी त्यांना भीती वाटते, असं तो लिहितो. रसाचा वास तोंडाला दिवसभर येत नाही. सिप्रियनने या भीतीला दाद दिली नाही. पाणी आणि वाइन दोन्ही हवीत, असा त्याचा निर्वाळा होता.

पुढे 692 साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेने पाणी न मिसळता वाइन वापरणाऱ्या आर्मेनियन चर्चला दोष दिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने प्रश्नाची दुसरी बाजू तपासली : नुकताच पिळलेला रस चालेल का? त्याचं उत्तर होतं, पिकल्या द्राक्षांचा असेल तर चालेल, कारण तो वाइनच्याच जातीचा आहे. कच्च्या द्राक्षांचं आंबट पाणी चालणार नाही आणि व्हिनेगरही नाही. हे उत्तर लक्षात ठेवा, कारण रसाच्या वैधतेला सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या धर्मपंडिताने मान्यता दिलेली आहे.

आपल्या कोकणातला दाखला

याच संदर्भात आपल्या मराठी मातीतला एक दाखला सांगायलाच हवा. रायगड-अलिबागकडचे बेने इस्राएल हे शतकानुशतकं मराठी बोलणारे यहुदी. शब्बाथच्या संध्याकाळी त्यांच्या घरांत प्याल्यावर जो आशीर्वाद म्हणतात, तो परंपरेने काळ्या मनुकांच्या शरबतावर म्हटला जातो. काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, हाताने चोळायच्या किंवा उकळायच्या, मग गाळून ते गडद, गोड पाणी प्याल्यात भरायचं. कोकणात वाइन कुठून आणायची? पण वेलीचं फळ सुकून का होईना, पोचत होतं. आणि हे काही नियमाला दिलेली बगल नव्हती. घोस पिळून त्याच्या रसावर आशीर्वाद म्हणता येतो, हे ताल्मुदमध्येच मान्य केलेलं आहे.

येशूचा आशीर्वाद ज्या परंपरेतून आला, त्या परंपरेने वाइन हे मुख्य पेय मानलं आणि रसालाही जागा ठेवली. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मग चर्चमध्ये रस आला कधी?

एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये. तेव्हाची दारू म्हणजे सौम्य वाइन नव्हती. स्वस्त व्हिस्की, रम आणि जिन यांच्यापायी संसारच्या संसार मोडत होते. 1826 साली बॉस्टनमध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी स्थापन झाली आणि दारूबंदीची चळवळ चर्चांतून पसरली. दारू सोडण्याची शपथ घेतलेल्या माणसाला रविवारी वेदीजवळ बोलावून त्याच्याच ओठांना वाइन लावायची, हे पाळकांना बघवेना. ही कळकळ शंभर टक्के खरी होती.

पण त्यांना एक अडचण होती. बायबलमध्ये येशू वाइन देताना दिसतो. मग काही विद्वानांनी मत मांडलं की बायबलमध्ये दोन प्रकारची वाइन आहे : जिथे स्तुती आहे तिथे रस समजावा, जिथे निंदा आहे तिथे आंबलेली समजावी. आपल्याला संडे स्कूलमध्ये जे शिकवलं गेलं, त्याचं मूळ इथे आहे. माणसं वाचवण्याचा हेतू थोर होता, पण पुरावा तसा वाचता येत नाही. एकच शब्द एका ओळीत रस आणि दुसऱ्या ओळीत वाइन, हे आपल्या सोयीने ठरवावं लागतं.

रसाची खरी अडचण तर वेगळीच होती : वर्षभर तो टिकवायचा कसा? 1860च्या दशकात फ्रान्समध्ये लुई पाश्चरने दाखवलं की वाइन ठरावीक तापमानाला तापवली की ती बिघडवणारे जंतू मरतात. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावात थॉमस ब्रॅमवेल वेल्च नावाचा दंतवैद्य होता, मेथडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाची व्यवस्था पाहणारा. 1869 साली त्याने आपल्या स्वयंपाकघरात कॉनकर्ड जातीची द्राक्षं थोडी शिजवली, फडक्यातून पिळली, रस बाटल्यांत भरला, बुचं मेणाने बंद केली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. यीस्ट मेलं, रस आंबला नाही. 'डॉ. वेल्चची न आंबवलेली वाइन' या नावाने त्याने तो चर्चांना विकायला काढला. सुरुवातीला मागणी बेताचीच होती. मुलगा चार्ल्स याने पुढे हा व्यवसाय वाढवला आणि 1893च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हा रस हजारोंनी चाखला. आज जगभर मिळणाऱ्या बाटलीबंद द्राक्षरसाची सुरुवात प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठी झाली आहे.

आपल्याकडे ही वाट कशी आली?

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 पासून अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हे त्यांचं मोठं केंद्र झालं. आपण ज्या परिसरात राहता, तिथे प्रोटेस्टंट मंडळ्या अमेरिकेतून आलेल्या या परंपरेत वाढल्या. मेथडिस्टही एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आले. म्हणून महाराष्ट्रातल्या पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत रस किंवा मनुकांचं पाणी दिसतं. अँग्लिकन परंपरेत वाइन होती. 1970 साली नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, तेव्हा या वेगवेगळ्या वळणांच्या मंडळ्या एकाच छत्राखाली आल्या. पुण्यात स्पायसर संस्था चालवणारे सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट रसाबद्दल आग्रही आहेत. मुक्तिफौजेने तर 1883 पासून प्रभुभोजनाचा विधीच ठेवलेला नाही. दारूतून बाहेर काढलेली माणसं त्यांच्यात फार होती, हेही त्यामागचं एक कारण सांगितलं जातं.

आपल्या सुनेच्या वसईत आणि गोव्यात कॅथलिक नियम चालतो. 1983च्या धर्मविधानात मिस्साची वाइन द्राक्षांचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी, आणि तिच्यात थोडं पाणी घालावं, असं म्हटलं आहे. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धर्मविधीच्या वाइनसाठी परवानगीची वाट ठेवलेली होती. पण कॅथलिक चर्चनेही दार पूर्ण बंद केलेलं नाही. व्यसनातून बाहेर पडत असलेल्या किंवा आजारामुळे अल्कोहोल घेऊ न शकणाऱ्या धर्मगुरूला, बिशपच्या परवानगीने, आंबणं नुकतंच सुरू होऊन थांबवलेला किंवा गोठवून राखलेला ताजा रस वापरता येतो. रोमने 2003 साली हे पुन्हा स्पष्ट केलं. साडेसातशे वर्षांपूर्वी अक्वायनसने दिलेल्या उत्तराशी हे जुळणारं आहे.

तर मग घरी काय सांगावं?

सुनेला सांगा, तुझं म्हणणं बरोबर : पहिल्या प्याल्यात वाइन होती. आणि स्वतःच्या मनाला सांगा, आमचा प्याला खोटा नाही. वेलीचं फळ, आशीर्वाद, आणि ते एकत्र वाटून घेणं या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. रस वापरणाऱ्यांनी आपली रीत टिकवण्यासाठी येशूच्या हातातली वाइन पुसून टाकायची गरज नाही. आमच्या मंडळीत दारू सोडलेली माणसं आहेत, त्यांच्यासाठी आम्ही रस ठेवतो, एवढं साधं आणि खरं कारण पुरेसं आहे. ते कारण पौलाच्याच शिकवणीशी जुळतं. रोमकरांना त्याने लिहिलं की आपल्या खाण्यापिण्याने भाऊ अडखळत असेल, तर ते सोडणं हेच प्रीतीचं लक्षण.

वाइन वापरणाऱ्यांचंही एक कर्तव्य आहे. आपली परंपरा जुनी आहे म्हणून रसाच्या प्याल्याला हलकं लेखू नये, आणि आपल्याच चर्चमध्ये व्यसनाशी झगडणारा कुणी असेल तर त्याच्यासाठी वाट आहे, हे त्याला वेळेवर सांगावं. बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं आणि ते वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात.

पुढच्या गुड फ्रायडेला हा विषय निघालाच, तर प्याल्यात काय होतं यावर थोडं बोला आणि करिंथमध्ये काय बिघडलं होतं यावर जास्त. तिथे सगळ्यांच्या प्याल्यात वाइनच होती, तरी पौलाच्या मते ते प्रभुभोजन नव्हतं, कारण शेजारी बसलेला गरीब उपाशी होता.